मिठाचा कर आणि मिठाचें पथ्य

(१)

मराठी भाषेनें मिठाला जेवढा मान दिला आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याहि खाद्यपदार्थाला दिलेला नाहीं. इमानी चाकर खाल्ल्या मिठाला जागतो. गरिबाचा सारा संसार 'मीठभाकर' या एका शब्दांत मावतो. मुलाची दृष्ट काढावयाची तर मीठमोहऱ्याच लागतात. आणि ज्या भाषणांत किंवा ज्या काव्यांत कांहीं रस नसतो त्याला आपण बेलाशक अळणी म्हणून मोकळे होतों. लोणचें हा शब्द लवणापासून आला हें सहज कळतें. पण सौंदर्याला आपण ज्या शब्दानें गौरवितों तो लावण्य हा शब्दहि लवणाचाच वंशज आहे. पंगतींत पान वाढतांना मिठाची चिमूट अग्रभागीं पडते आणि मग बाकीच्या पदार्थांची वर्णी लागते. तात्पर्य, मीठ हा आपल्याकडे केवळ रुचीचा विषय नाहीं. तो निष्ठेचा, माणुसकीचा व कांहीं अंशीं धर्माचाहि विषय आहे.

अशा या पदार्थाविषयीं आजचें वैद्यकशास्त्र सांगतें कीं, ज्याच्या रक्ताचा दाब वाढला आहे किंवा ज्याचीं मूत्रपिंडें दुबळीं झालीं आहेत त्यानें मीठ निम्म्यावर आणावें. सूचना चार शब्दांची आहे व ती रोज हजारों लोकांना केली जाते. पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या तालुक्यांतील सरकारी दवाखान्यांतून, गांवोगांव फिरणाऱ्या आशा कार्यकर्तींच्या तोंडून, आणि डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या कागदाच्या तळाशीं ती आढळते. परंतु ऐकणारा मान हालवितो, घरीं जातो आणि पूर्वीप्रमाणेंच जेवतो. याला अज्ञान किंवा हट्ट म्हणून मोकळें होणें सोपें आहे. माझें म्हणणें असें कीं, या न ऐकण्याच्या पाठीशीं मोठा इतिहास उभा आहे, आणि तो समजून घेतल्याविना मिठाचें पथ्य शिकविणारा गुरु आपल्या शिष्याच्या भाषेंतच बोलत नाहीं. म्हणून तो इतिहास थोडक्यांत येथें मांडावयाचा आहे.

(२)

शिरूर आणि दौंड हा देशावरचा, पर्जन्यछायेंतील मुलूख. एकीकडून घोड, एकीकडून भीमा, मध्यें मुरमाड माळ व नदीकांठीं काळी जमीन. येथील कुणब्याला लागणारें बहुतेक सर्व शिवारांतच पिके. बाजरी, जोंधळा, मटकी, हुलगा, करडई, कांदा, मिरची, अंबाडी, यांतलें कांहींच बाहेरून आणावयाचें कारण नव्हतें. बाहेरून आणावें लागे तें मीठ. लोखंड व कापड एक वर्ष लांबणीवर टाकतां येई. मीठ मात्र टाकतां येत नसे. त्यामुळें मीठ हा गांवाला जगाशीं बांधून ठेवणारा दोरा होता असें म्हटलें तरी चालेल.

हें मीठ येई कोंकणांतून. उरण, पनवेल, पेण या भागांतील खाजणांत बांध घालून भरतीचें पाणी वाफ्यांत घ्यावयाचें, उन्हानें तें आटवावयाचें आणि खालीं बसलेले खडे ओढून ढीग लावावयाचे, हा तेथील आगरी समाजाचा पिढीजात धंदा. 'आगर' या शब्दावरूनच त्या समाजाला नांव मिळालें. तेथून लमाणांचे व वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून घाट चढत आणि परततांना देशावरचें धान्य कोंकणांत उतरवीत. धान्य खालीं आणि मीठ वर, असा हा सह्याद्रीच्या दोन बाजूंचा शेंकडों वर्षांचा व्यवहार होता. शिवछत्रपतींनीं १६७१ सालीं कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव यास पाठविलेलें पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यांतील बारदेशचें मीठ स्वस्त पडूं लागल्यानें व्यापारी तिकडे वळले व स्वराज्यांतील मिठाचा उठाव मंदावला, तेव्हां बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, अशी त्या पत्राची आज्ञा आहे. राज्य राखणारा पुरुष किल्ल्याइतकीच मिठाचीहि चिंता वाहतो, यावरून त्या वस्तूचें मोल ध्यानांत यावें.

शिरूरला लोक अद्यापहि घोडनदी म्हणतात. पुण्याहून अहमदनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें ठाणें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजी फौजेची मोठी छावणी होतें. १८०३ सालीं आर्थर वेलस्ली याच मुलखांतून नगरवर चालून गेला, तेव्हां त्याच्या सैन्याला धान्य पुरविणारे तेच वंजाऱ्यांचे तांडे होते. पुढें १८६३ सालीं बोरघाटांतील लोहमार्ग पुरा झाला, १८७८ सालीं दौंड-मनमाड हा फांटा सुरू झाला, आणि दौंड हें मोठें जंक्शन बनलें. मिठाची गोण बैलाच्या पाठीवरून उतरली ती आगगाडीच्या डब्यांत चढली. तांडे देशोधडीला लागले. पण मीठ स्वस्त झालें का? नाहीं, कारण मध्यंतरीं मिठावर दुसरेंच एक ओझें चढलें होतें.

(३)

इंग्रज सरकारनें मुंबई इलाख्यांतील मिठावर १८३७ सालीं मणामागें आठ आणे कर बसविला. १८४४ सालीं तो एकदम रुपयावर नेला, तेव्हां सुरतेंत लोकांनीं दंगा केला आणि सरकारला कर थोडा खालीं आणावा लागला. १८८२ च्या कायद्यानें मीठ तयार करण्याचा व विकण्याचा अधिकार सरकारच्या मुठींत पक्का बसला. १८८८ पासून कराचा दर मणास अडीच रुपये झाला. हा मण सुमारें ८२ पौंडांचा. वर्षाकाठीं माणशीं दहा पौंड मीठ धरलें, तर पांच माणसांच्या कुटुंबाला केवळ कर म्हणून वर्षास सुमारें दीड रुपया द्यावा लागे. ज्या मजुराला दिवसाचे चार आणेहि मिळण्याची शाश्वती नव्हती त्याच्या दृष्टीनें हा आंकडा लहान नव्हता. श्रीमंत आणि दरिद्री सारखेंच मीठ खातात. किंबहुना ज्याच्या ताटांत दूध, तूप, भाजी नाहीं तो मिठाच्या आधारानेंच कोरडी भाकरी गिळतो. म्हणून हा कर दरिद्र्याच्या ताटावरचाच कर होता.

१९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत आपलें पहिलें अंदाजपत्रकीय भाषण करतांना गोपाळ कृष्ण गोखले यांनीं या करावर जो हल्ला चढविला तो पुढें गाजला. त्यांच्या युक्तिवादाचा एक धागा आजच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. कर वाढल्यापासून लोकांचें मीठ खाण्याचें प्रमाण खुंटलें; तें वर्षास माणशीं दहा पौंडांच्याहि खालीं गेलें; आणि वैद्यकांतील श्रेष्ठ मत तर असें आहे कीं, निकोप जीवनाला माणशीं वीस पौंड मीठ अवश्य आहे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. त्या काळाच्या ज्ञानाला धरून हा युक्तिवाद अगदीं रास्त होता. आतां हेच आंकडे आजच्या मापानें पाहूं. वर्षास दहा पौंड म्हणजे दिवसास सुमारें साडेबारा ग्रॅम. वीस पौंड म्हणजे दिवसास जवळजवळ पंचवीस ग्रॅम. आणि जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढ माणसाला दिवसाला पांच ग्रॅमांहून कमी मीठ खा म्हणून सांगते! ज्या प्रमाणाला आमच्या पूर्वजांनीं उपासमार म्हटलें तें आजच्या मर्यादेच्या अडीच पट होतें. अर्थात्‌ सरकारी हिशेबांतलें सगळें मीठ माणसाच्या पोटांत जात नसे; गुरांची पेंड, लोणच्यांच्या बरण्या, मासे खारविणें यांतहि पुष्कळ खर्ची पडे. तरीसुद्धां अंतर विस्मयकारक आहे.

यावरून गोखल्यांचें चुकलें असा निष्कर्ष काढणें म्हणजे इतिहासाचा विपर्यास होईल. त्यांचा मूळ आक्षेप अन्यायावर होता आणि तो शंभर टक्के खरा होता. सरकारनें कर उतरविला तोहि लोकमताच्या दडपणामुळेंच: १९०३ सालीं दोन रुपये, १९०५ सालीं दीड, १९०७ सालीं एक. महायुद्धांत तो पुन्हां सव्वा रुपयावर गेला. १९२३ सालीं दुप्पट होऊन अडीचवर पोंचला आणि दुसऱ्याच वर्षीं परत फिरला. मग १९३० सालचा एप्रिल उजाडला. दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनीं चिमूटभर मीठ उचललें, आणि त्यानंतर कोंकणांत शिरोड्याला, मुंबईंत वडाळ्याच्या मिठागरावर महाराष्ट्रांतील माणसांनीं लाठ्या खाल्ल्या. ज्या पुरुषानें हें सर्व आरंभिलें त्याला मे महिन्यांत पकडून सरकारनें आणून ठेवलें तें पुण्याजवळ येरवड्यालाच. अखेर १९४७ सालीं हा कर गेला. मीठ हें स्वातंत्र्याचें चिन्ह झालें तें असें. घराघरांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणींत तें चिन्ह अजून पुसलेलें नाहीं.

येथें एक विलक्षण विसंगति नमूद केली पाहिजे. मिठाचा कायदा मोडणारे गांधीजी स्वतः त्याच्या पुष्कळ वर्षें आधीं मीठ सोडून बसले होते. दक्षिण आफ्रिकेंत कस्तुरबा आजारी असतां त्यांनीं मीठ व डाळी वर्ज्य कराव्या असा गांधीजींनीं आग्रह धरला. तुम्हांला तरी हें सोडवेल का, असें बाईंनीं विचारतांच त्यांनीं तत्काळ वर्षभर दोन्ही पदार्थ सोडल्याचें जाहीर केलें. आणि मग कस्तुरबांनाहि तें करावें लागलें. आत्मचरित्रांतील हा प्रसंग गांधीजींनीं सत्याग्रहाचें उदाहरण म्हणून सांगितला आहे. पथ्य शिकविणाऱ्यांनीं मात्र त्यांतून दुसराच धडा घ्यावा. गरिबाला मीठ मिळालें पाहिजे हें म्हणणें आणि रोग्यानें मीठ कमी करावें हें म्हणणें, यांत विरोध नाहीं. पहिल्यांत हक्क आहे, दुसऱ्यांत विवेक आहे. आणि हक्क हातीं आल्यावांचून विवेकाला अर्थ येत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, रोग्याला एकट्यालाच ताट वेगळें वाढून पथ्य पाळवितां येत नाहीं. घरच्यांनीं तें आधीं आपल्या ताटांत आणावें लागतें.

(४)

आतां शास्त्राच्या बाजूचा इतिहास पाहूं. अति मीठ वाईट, ही कल्पना आपल्याला परकी नाहीं. चरकसंहितेच्या विमानस्थानांत पिंपळी, क्षार आणि लवण हे तीन पदार्थ फार प्रमाणांत सेवूं नयेत असें बजाविलें आहे. आणि बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधु, सौवीर या देशांतील लोक दुधाशींहि मीठ खातात, म्हणून त्यांच्यांत शैथिल्य, अकालीं पिकलेले केस व टक्कल हे दोष दिसतात, असें निरीक्षण नोंदविलें आहे. पर्पटीकल्पासारख्या उपचारांत वैद्य रोग्याला मीठ व पाणी दोन्ही वर्ज्य करीत. मात्र रक्ताला दाब असतो व तो मोजतां येतो हें ज्ञान नवें. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्रीनें घोड्याच्या धमनींत नळी बसवून रक्त किती उंच चढतें तें पाहिलें आणि १७३३ सालीं प्रसिद्ध केलें. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ति रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टरनें १८९६ सालीं काढली व १९०५ सालीं कोरोटकोव्ह या रशियन शस्त्रवैद्यानें धमनीचे ध्वनि ऐकण्याची रीत तीस जोडली. आज खेड्यांतील उपकेंद्रांत जो पट्टा आपल्या दंडाला आवळतात तो याच कुळांतला.

मूत्रपिंडांचा संबंध लंडनच्या गाय रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट यानें १८२७ सालीं दाखवून दिला. ज्यांचें अंग सुजतें आणि ज्यांचें मूत्र तापविलें असतां अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखें गोठतें, त्यांचीं मूत्रपिंडें मृत्यूनंतर आकसलेलीं किंवा बिघडलेलीं आढळतात, हें त्याचें निरीक्षण. पुढें पॅरिसमध्यें व्हिदाल यानें १९०३ च्या सुमारास दाखविलें कीं, अशा रोग्याला मीठ दिलें म्हणजे सूज चढते व मीठ काढलें म्हणजे उतरते. १९०४ सालीं आंबार व बोजार यांनीं हेंच नातें रक्तदाबाशीं जोडलें. १९४४ सालीं अमेरिकेंत वॉल्टर केम्पनर यानें केवळ भात, फळें व साखर यांवर रोगी ठेवून असाध्य मानलेला रक्तदाब खालीं आणून दाखविला. तो काळ दाब उतरविणारीं चांगलीं औषधें नसण्याचा होता. त्यामुळें त्याचा फार गवगवा झाला. पण एवढें कडक पथ्य फार थोड्यांना पेललें, आणि पुढें औषधें निघाल्यावर बहुतेकांनीं तें सोडलें. जें पथ्य जन्मभर पाळवत नाहीं तें खरें असूनहि निष्फळ होतें, हा त्यांतला बोध.

मूत्रपिंड करतें तरी काय? दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाला सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळून काढतात. त्या द्रवांत जवळजवळ दीड किलो मिठाएवढा सोडियम असतो; त्यांतला शंभरांतला नव्याण्णव भाग तीं परत रक्तांत घेतात व नको तेवढाच बाहेर टाकतात. मानवजातीच्या अतिप्राचीन काळीं मीठ दुर्मिळ होतें, म्हणून शरीर तें राखून ठेवावयास शिकलें. भरमसाट मीठ बाहेर फेकण्याचा सराव त्याला फारसा नाहीं. सोडियम सांचला कीं पाणी सांचतें, पाणी सांचलें कीं वाहिन्यांतील दाब वाढतो, आणि वाढलेला दाब पुन्हां मूत्रपिंडाच्या बारीक चाळण्याच फोडतो. म्हणजे रक्तदाब मूत्रपिंडाला मारतो व दुबळें मूत्रपिंड रक्तदाबाला वाढवितें.

दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याला हें समजावयाला पुस्तक नको. कालवा आला, ऊस आला, पाण्याला पाणी लागलें आणि काळी जमीन कशी खारावली, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरोल्ड मॅन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं शेजारच्या नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास केला होता. निचरा नसला म्हणजे क्षार वर येतो व चांगली जमीन चोपण होते, हा त्या प्रश्नाचा गाभा. मूत्रपिंड हा देहाचा निचरा आहे. निचरा बुजला असतां पाणी व मीठ मोजून सोडावें लागतें, ही गोष्ट चोपण रान पाहिलेल्या माणसाला एका वाक्यांत पटते. 'सोडियमचें प्रमाण नियंत्रित करा' या वाक्यानें दहा वर्षांत पटणार नाहीं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा प्रश्न एकेका रोग्यावरून साऱ्या समाजावर गेला. १९६० सालीं लुइस डाल या संशोधकानें दाखविलें कीं, उत्तर जपानांत खारविलेल्या भाज्या व मिसो यांवर राहणारे शेतकरी दिवसाला सुमारें २६ ग्रॅम मीठ खातात व त्यांच्यांत रक्तदाब आणि पक्षाघात यांचा कहर आहे. गोखल्यांनीं उल्लेखिलेले वीस पौंड येथें सहज आठवतात. 'निकोप जीवना'चें तें माप एका राष्ट्रानें प्रत्यक्ष खाऊन पाहिलें होतें. १९८८ सालीं ३२ देशांतील ५२ ठिकाणच्या सुमारें दहा हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत ब्राझीलच्या अरण्यांतील यानोमामी लोक जवळजवळ मीठ खातच नाहींत व त्यांचा दाब वयाबरोबर वाढत नाहीं असें दिसून आलें. पांच ग्रॅमांच्याहि खालीं सर्वांनींच उतरावें कीं नाहीं याविषयीं पंडितांत अजून वाद आहे. पण जे दहा ग्रॅमांवर आहेत व ज्यांचा दाब वाढला आहे त्यांनीं कमी करावें, याविषयीं वाद नाहीं.

(५)

आणि आपण आहों ते त्या दहाच्या आसपासच. भारतांतील निरनिराळ्या पाहण्यांचा सूर रोज आठ ते अकरा ग्रॅम असा आहे. मीठ आतां करमुक्त आहे, स्वस्त आहे, पिशवींत बंद होऊन प्रत्येक दुकानांत आहे. शिरूर तालुक्यांत रांजणगांवला आणि दौंड तालुक्यांत कुरकुंभला कारखान्यांच्या वसाहती झाल्या. पाळीवर जाणारा तरुण वडापाव, फरसाण, बिस्किटें यांवर दिवस काढतो. आजीच्या पापडांत व लोणच्यांत जें मीठ होतें तें ताटाच्या कडेला बसे. आजचें मीठ पाकिटांत लपून येतें. जुन्या जेवणाचें एक शहाणपण असें होतें कीं, बाजरीची भाकरी बहुधा बिनमिठाची थापीत आणि मीठ एका कोरड्यासांत असे. तें शहाणपण अजून मेलेलें नाहीं. पथ्याची शिकवण तेथूनच सुरू व्हावी.

या मुलखाला आरोग्यशिक्षणाची परंपराहि आहे. शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयानें गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून ग्रामीण आरोग्याचें काम उभें केलें. त्याच्या सूत्रधार डॉ. बानू कोयाजी यांना १९९३ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मोठ्या शहरी रुग्णालयाची विद्या खेड्याच्या उंबऱ्यापर्यंत न्यावयाची तर ती गांवच्याच माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हातून गेली पाहिजे, हें त्यांचें सूत्र. २००२ पासून तेथें शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गांवांतील लोकसंख्येची आरोग्यविषयक नोंद नियमित ठेवली जात आहे. माता व बालकें यांच्यासाठीं जें सूत्र यशस्वी झालें तें मिठाच्या बाबतींत अधिकच लागू पडतें. कारण मिठाचें माप सुगरणीच्या चिमटींत असतें, डॉक्टरच्या कागदावर नव्हे. जपानांतील नागानो प्रांतांत गांवच्या स्वयंसेविकांनींच घरोघर सारांतील मीठ मोजून तें उतरविलें, हा दाखला याच जातीचा.

मग शिकवावयाचें काय? पहिली गोष्ट, माप. पांच प्रौढ माणसांच्या घराला रोजचे माणशीं पांच ग्रॅम धरले तर एक किलोची पिशवी चाळीस दिवस पुरावी. ती पंधरा दिवसांत संपत असेल तर हिशेब घरांतल्या बाईला लगेच कळतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाहीं. दुसरी गोष्ट, नांवांचा भ्रम. उपवासाचें सैंधव काय, पादेलोण काय, तीं सारीं मुख्यतः तेंच लवण आहेत. पापडखार व खाण्याचा सोडा यांतहि सोडियम आहेच. तिसरी गोष्ट, चव. लिंबू, लसूण, कोथिंबीर, जिरें, ओली मिरची यांच्या साह्यानें जीभ तीन-चार आठवड्यांत कमी मिठाला सरावते. एकदम अळणी वाढणें म्हणजे केम्पनरची चूक पुन्हां करणें होय. चौथी गोष्ट, सलाईन. अशक्तपणा आला कीं बाटली लावून घ्यावयाची, ही चाल खेड्यांतून फार रूढ आहे. एक लिटरच्या साध्या बाटलींत नऊ ग्रॅम मीठ असतें, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचा वांटा तासाभरांत रक्तांत जातो. अतिसारानें सुकलेल्या माणसाला ती जीवदान देते. सूज आलेल्या मूत्रपिंडाच्या रोग्याला ती घातक ठरूं शकते.

पांचवी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. सोडियमच्या जागीं कांहीं अंशीं पोटॅशियम घातलेलें मीठ आतां मिळतें. चीनमध्यें सहाशें खेड्यांतील सुमारें एकवीस हजार लोकांवर त्याचा प्रयोग झाला. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें पक्षाघाताचें प्रमाण शेंकडा १४ नें उतरलें. रक्तदाबाच्या रोग्याला ही आशेची वार्ता आहे. परंतु ज्याचीं मूत्रपिंडें निकामी होत आहेत त्याच्या शरीरांत पोटॅशियम सांचून हृदय एकाएकीं बंद पडूं शकतें. म्हणून एकाला जें औषध तेंच दुसऱ्याला विष. आणि दोघेहि एकाच ओट्यावर बसून एकमेकांना सल्ला देत असतात! ज्याला रक्तदाब आहे त्यानें आपलीं मूत्रपिंडें कशीं आहेत याची रक्त-लघवीची तपासणी आधीं करून घ्यावी, ही गोष्ट मिठाच्या सूचनेहून आधीं सांगितली पाहिजे. त्याचप्रमाणें अंगदुखीच्या गोळ्या वाटेल तशा गिळूं नयेत, हेंहि.

उन्हांत ऊस तोडणारा मजूर विचारील, "घाम गाळणाऱ्याला मीठ नको का?" त्याचा प्रश्न खोटा नाहीं. घामाबरोबर मीठ जातें. परंतु उन्हाला सरावलेल्या शरीराच्या घामांतील मीठ कमी होतें, आणि रोजच्या जेवणांतलें मीठ बहुतेकांना पुरून उरतें. ज्याला रोग आहे त्याच्यासाठीं उन्हाळ्याचें माप डॉक्टरनें वेगळें ठरवावें. प्रश्न विचारणाऱ्याला उडवून लावणारा शिक्षक तेथेंच हरतो.

(६)

येथवरच्या वृत्तांतावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. या मुलखांतील माणसाशीं मिठाविषयीं बोलणारे आजवर दोनच प्रकारचे अधिकारी आले. पहिल्यानें त्याला मीठ महाग करून दिलें. दुसरा त्याला मीठ कमी कर म्हणतो. पहिल्याचें मन काळें होतें व दुसऱ्याचें शुद्ध आहे, हा भेद आपल्याला दिसतो. पण कोरड्या भाकरीवर ज्याचा दिवस जातो त्याच्या कानाला दोन्ही आवाज एकसारखेच ऐकूं येतात: ताटांतलें काढून घेणारे. म्हणून पथ्य सांगतांना जें काढावयाचें त्याच्या जागीं काय ठेवावयाचें हें आधीं सांगितलें पाहिजे. भाजी, ताक, फळ, डाळ यांतलें काय परवडतें आणि रोगाला काय चालतें, याचा विचार न करतां केवळ 'मीठ कमी करा' म्हणणें म्हणजे दरिद्र्यावर पुन्हां एक कर बसविणेंच होय.

मूत्रपिंडाचा विकार मुका असतो. सूज दिसेपर्यंत, भूक मरेपर्यंत तो बोलत नाहीं. आणि बोलूं लागला म्हणजे रोग्याला आठवड्यांतून दोनतीनदां यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्यासाठीं गांवाबाहेर जावें लागतें, तेव्हां शेत, गुरें आणि सोनें क्रमाक्रमानें विकलीं जातात. तें संकट एका पिढीनें जरी पुढें ढकललें तरी पुष्कळ झालें. मिठाचा कर हटविण्यास आम्हांला एकशें दहा वर्षें लागलीं. मिठाचें पथ्य रुजविण्यास तेवढा काळ लागूं नये. कारण या खेपेस कायदा परक्याच्या हातांत नसून चिमूट आपल्याच बोटांत आहे.